क्षमेचा अधिकार लढणाऱ्याचा

(भोर येथे माजी सैनिक आणि नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



जे रणांगणावर गेले ते, न गेलेल्यांकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, हा आजचा विषय आहे. प्रथमदर्शनी तो आपल्या देशाचा वाटत नाही. आपल्याकडे सक्तीची सैन्यभरती नाही. ब्रिटिश राजवटीत, महायुद्धांच्या काळात, हिंदुस्थानात राहणाऱ्या युरोपियनांना लष्करी सेवेची सक्ती होती. येथील प्रजेला ती नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैनिक लढले आणि ती जगातील सर्वांत मोठी स्वेच्छेची सेना मानली जाते. स्वतंत्र भारतानेही सक्तीचा मार्ग धरला नाही. मग ज्याला बोलावणेच आले नाही, त्याने ते टाळले असे कसे म्हणायचे?

परंतु ज्या भूमीवर आपण हा विषय बोलत आहोत, तिला हा प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि तिने त्याचे उत्तरही दिले होते. रोहिड खोरे, हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही नावे आज महसुली कागदांवरून पुसट झाली असली, तरी भोर आणि वेल्हे हे दोन तालुके म्हणजे तीच खोरी होत. वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, तो याच वारशाची आठवण म्हणून. त्या वारशातील एक प्रसंग आज आपण नीट समजून घेऊ. तो पराक्रमाचा आहेच; पण त्याहून अधिक तो न्यायाचा आहे.

देशमुखी हे त्या काळी नुसते मानाचे पद नव्हते. वतनाबरोबर कर्तव्य येत असे. राजसत्तेने हाक दिली की देशमुखाने आपला जमाव घेऊन हजर व्हायचे, हा वतनाचा अलिखित करार होता. एका अर्थी ती सक्तीची भरतीच होती. फरक इतकाच की बोलावणे माणसागणिक न येता खोऱ्याच्या देशमुखाला येई. १६५९ साली अफझलखान स्वराज्यावर चालून आला, तेव्हा विजापूरच्या दरबाराने मावळच्या देशमुखांना फर्माने धाडली. कारीच्या कान्होजी जेध्यांना आलेल्या फर्मानावर १६ जून १६५९ ही तारीख आहे. खानाला सामील व्हा, कसूर केलीत तर परिणाम भोगा, असा त्याचा रोख होता.

मित्रहो, तेव्हाची परिस्थिती लक्षात घ्या. विजापूरची पातशाही ही या देशमुखांची रूढ आणि मान्य सत्ता होती. वतनांच्या सनदा तिच्या होत्या. समोर तीस वर्षांचा एक तरुण राजा, डोंगरातले मूठभर किल्ले आणि त्याच्यावर चालून येणारी प्रचंड फौज. शहाणपण कोणत्या बाजूला होते, हे सांगायला ज्योतिषी नको होता. उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. खानाची सरशी झाली तर रोहिड खोऱ्याची देशमुखी आपल्या पदरात पडेल, हा हिशेब त्यामागे होता.

कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन महाराजांकडे गेले आणि फर्मान त्यांच्यापुढे ठेवले. महाराजांनी त्यांना मोकळीक दिली, हे विसरून चालणार नाही. तुमचे शेजारी गेले, तुमचे वतन धोक्यात येईल, तुम्हीही जा, असा सल्ला त्यांनी दिल्याचे जेधे घराण्याच्या करिन्यात नोंदले आहे. म्हणजे सुटकेचा दरवाजा खुद्द राजानेच उघडून दिला होता. त्यातून कान्होजी बाहेर पडले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. कान्होजींनी शहाजीराजांपाशी घेतलेल्या शपथेची आठवण दिली, हातात पाणी घेतले आणि वतनावर उदक सोडले. लेकरांसह आपण महाराजांपुढे खस्त होऊ, हा त्यांचा निर्धार होता. मग कुटुंबकबिला तळेगावास हलवला गेला आणि मावळातील देशमुखांना एकत्र आणण्याचे काम कान्होजींनी अंगावर घेतले.

पुढचे आपणा सर्वांना पाठ आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खान पडला आणि जावळीच्या अरण्यात त्याची फौज मोडली. शाळेच्या पुस्तकातला धडा बहुधा येथे संपतो. आजचा विषय मात्र येथून सुरू होतो.

खंडोजी खोपडे जीव वाचवून रानात दडून राहिले. पकडले गेले तर शिक्षा ठरलेली होती. तेव्हा त्यांनी आपल्या आप्तामार्फत रदबदलीसाठी निरोप पाठवला. आणि तो पाठवला कोणाला? कान्होजी जेध्यांना! ज्यांची देशमुखी आपल्याला मिळावी म्हणून ते खानाच्या गोटात गेले होते, ज्यांनी सर्वस्वावर पाणी सोडले होते आणि ज्यांचे पाचही मुलगे त्या आगीत उभे होते, त्यांच्याकडेच त्यांनी अभय मागितले. आणि कान्होजींनी ते मागून दिले. ते महाराजांकडे गेले आणि खंडोजीच्या प्राणांची याचना केली. महाराजांनी कान्होजींच्या शब्दाखातर प्राणदान दिले. पुढे खंडोजी दरबारात वावरू लागले, तेव्हा महाराजांनी त्यांचा उजवा हात आणि डावा पाय तोडण्याची आज्ञा केली. कान्होजी व्यथित होऊन विचारते झाले. तुमच्या शब्दासाठी जीव राखला. पण ज्या पायाने तो शत्रूकडे चालत गेला आणि ज्या हाताने त्याने तलवार धरली, त्यांना शासन झालेच पाहिजे, असा महाराजांचा आशय होता.

शिक्षेची ती रीत त्या काळाची होती; आज तिचा विचार कोणी करणार नाही. एका माणसाच्या निर्णयाचा डाग त्याच्या गावावर वा कुळावर राहत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. या सर्व खोऱ्यांनी पुढे स्वराज्यासाठी रक्त सांडले आहे. मला लक्ष वेधायचे आहे ते त्या दोन भूमिकांकडे. राज्य चालवणाऱ्याने नियम राखला. कारण गुन्हा आणि निष्ठा यांचे मोल एकच झाले, तर उद्या कोण कशासाठी लढेल? आणि प्रत्यक्ष लढलेल्या माणसाने क्षमा मागितली. जो सर्वांत अधिक रागावू शकत होता, तोच दयेसाठी उभा राहिला.

हे असे का व्हावे? पत्रकारितेच्या निमित्ताने भोर, वेल्हे, पुरंदर, माण, खटाव या भागांतल्या अनेक माजी सैनिकांच्या ओसरीवर बसण्याचा योग मला आला. मी स्वतः गणवेश कधी घातला नाही. त्यामुळे या माणसांपुढे बसताना प्रश्न जपून विचारावे लागतात. पण एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवली. जो घाबरला, त्याचा राग सहसा त्यांच्या बोलण्यात नसतो. भय काय असते ते त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. ते त्यांनी पाहिलेले आणि गिळलेले असते. घरच्या अडचणीमुळे जो जाऊ शकला नाही, त्याच्याविषयीही कटुता नसते. मागे कोणीतरी शेत राखले, आईवडिलांना पाहिले, म्हणूनच पुढे जाता आले, हे सैनिक जाणतो. त्यांच्या कपाळावर आठी पडते ती निराळ्याच माणसाविषयी बोलताना. आपल्या जागी दुसरा कोणीतरी मरेल अशी ज्याने तजवीज केली, त्यातून आपला लाभ साधला आणि संकट टळल्यावर जो सर्वांत मोठ्याने गर्जू लागला, तो त्यांना सहन होत नाही. भित्र्याला ते क्षमा करतात; हिशेबी माणसाला करणे त्यांना जड जाते.

ही केवळ आपल्या मावळाची रीत आहे असे नाही. अमेरिकेकडे पाहा. व्हिएतनामच्या युद्धात तेथे सक्तीची भरती होती. पण महाविद्यालयात शिकणाऱ्याला ती पुढे ढकलता येत असे. श्रीमंताच्या मुलाला महाविद्यालयही होते आणि ओळखीचा डॉक्टरही. गरीब शेतकऱ्याच्या, कामगाराच्या आणि कृष्णवर्णीयाच्या मुलाला यांतले काहीच नव्हते. १९६९ च्या डिसेंबरात जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढण्याची पद्धत आली आणि १९७३ साली सक्ती संपली. तोवर ५८ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक त्या युद्धाने गिळले होते. हजारो तरुण सीमा ओलांडून कॅनडात गेले होते.

या तरुणांचे काय करायचे, हा प्रश्न राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये थेट माजी सैनिकांच्या शिकागोतील अधिवेशनात मांडला. परत या, काही काळ देशाची अन्य सेवा करा आणि मोकळे व्हा, अशी ती योजना होती. सभागृहाने ती थंडपणे ऐकली. ऑगस्ट १९७६ मध्ये सिएटलच्या माजी सैनिक अधिवेशनात जिमी कार्टर यांनी भरती टाळणाऱ्यांना माफी देण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. तरीही अध्यक्षपद स्वीकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २१ जानेवारी १९७७ रोजी, कार्टर यांनी ती माफी जाहीर केली. कायद्याचे प्रकरण मिटले. मनातले मिटायला आणखी बरीच वर्षे लागली.

जॉन मॅक्केन हे नाव आपण ऐकले असेल. अमेरिकन नौदलाचे वैमानिक. ऑक्टोबर १९६७ मध्ये त्यांचे विमान पाडले गेले आणि साडेपाच वर्षे ते हनोईच्या तुरुंगात यातना भोगत होते. बिल क्लिंटन यांनी तरुणपणी ती भरती टाळली होती आणि तेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. १९९५ साली व्हिएतनामशी संबंध पूर्ववत करण्याचा निर्णय क्लिंटन यांनी घेतला. तो जाहीर करताना त्यांच्या शेजारी मॅक्केन उभे होते. त्या युद्धात कोण बाजूने होता आणि कोण विरुद्ध, याकडे रागाने मागे वळून पाहण्याचा आपल्याला आता कंटाळा आला आहे, अशा आशयाचे त्यांनी क्लिंटन यांना सांगितले होते. बंधूंनो, हा अमेरिकेतला कान्होजीच म्हणायचा!

पण क्षमा करणे म्हणजे विसरणे नाही. याच मॅक्केन यांनी २०१७ साली, आयुष्याच्या अखेरीस, एका मुलाखतीत आपली सल बोलून दाखवली. देशाने सर्वांत कमी उत्पन्नाच्या घरांतली मुले सक्तीने युद्धावर नेली आणि सर्वांत श्रीमंत घरांतल्यांना टाचेचे हाड वाढल्याचा दाखला देणारा डॉक्टर सापडला, असे ते म्हणाले. पन्नास वर्षांनंतरही सल होती ती विषमतेची. याउलट मुष्टियोद्धा महंमद अली याने १९६७ साली भरतीला उघड नकार दिला, जगज्जेतेपद गमावले, खटल्याला तोंड दिले आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून तो सुटला. त्याची भूमिका कोणाला पटो न पटो. त्याने दाखल्याची पळवाट शोधली नाही आणि आपल्या निर्णयाची किंमत स्वतः मोजली, हे मान्य करावे लागते.

ज्या इस्रायलचे उदाहरण आपण उठता-बसता देतो, तेथेही हीच ठसठस आहे. १९४८ साली बेन गुरियन यांनी धर्मग्रंथांचे अध्ययन करणाऱ्या सुमारे ४०० विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून सूट दिली. पुढे ती संख्या हजारोंच्या घरात गेली. ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर राखीव सैनिकांना पुन्हा पुन्हा घर, नोकरी, मुलेबाळे सोडून जावे लागले आणि आम्हीच का, हा प्रश्न तेथे घराघरांत विचारला जाऊ लागला. २५ जून २०२४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही सरसकट सूट कायद्यात बसत नसल्याचा निर्णय एकमताने दिला. सक्ती असली म्हणून भार समान वाटला जातोच असे नाही, हा त्यातला धडा आहे.

आता आपल्या घरात पाहू. आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदात सार्वजनिक कारणासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला आहे. मात्र तसे करताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, अशी अट त्याला जोडली आहे. घटनाकारांनी किती दूरचे पाहिले होते! आणि १९७६ साली समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत, आवाहन केले जाईल तेव्हा देशाचे संरक्षण करणे आणि राष्ट्रसेवा बजावणे, हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून नोंदवले आहे. हक्कांची कलमे आपल्याला तोंडपाठ असतात. हे कलम किती जणांनी मुलांना वाचून दाखवले?

सक्तीच्या जवळ जाणारा एक प्रयोग आपणही केला. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय छात्रसेना अनिवार्य झाली. पाचच वर्षांत, १९६८ साली, ती पुन्हा ऐच्छिक करण्यात आली. २०१८ साली संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने सरकारी राजपत्रित नोकरीत येऊ इच्छिणाऱ्यांसाठी पाच वर्षांची लष्करी सेवा अनिवार्य करावी, अशी सूचना केली. ती कागदावरच राहिली. दुसरीकडे सैन्यात हजारो अधिकाऱ्यांची उणीव असल्याचे सरकार संसदेत वेळोवेळी सांगत आले आहे.

म्हणजे आपल्याकडे कायद्याने कोणी पळत नाही. पण समाज म्हणून आपण बाजूला सरत असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारखे गाव पिढ्यानपिढ्या सैनिक देते आणि आपल्या नावातच मिलिटरी हा शब्द अभिमानाने मिरवते. मराठा लाइट इन्फन्ट्रीतले नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते माणगाव तालुक्यातल्या एका खेड्यातले होते. शहरातल्या आपल्या वसाहतींचे काय? तेथे २६ जानेवारीला ध्वजवंदन होते, देशभक्तीपर गीतांच्या स्पर्धा होतात, शेजारी राष्ट्राला धडा शिकवण्याची भाषा चहाबरोबर होते. पण राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आपल्याच जिल्ह्यात, खडकवासल्याला असूनही, मुलाने तिचे नाव काढले की घरात शांतता पसरते. एकुलता एक आहे, हुशार आहे, त्याला कशाला, असे प्रश्न सुरू होतात. जणू ज्यांची मुले जातात त्यांची ती हुशार नसतात किंवा लाडकी नसतात!

हे मी दोषारोप म्हणून बोलत नाही. प्रत्येकाने बंदूक उचलावी असे कोणी म्हणत नाही; राष्ट्राला शिक्षक, वैद्य, शेतकरी, अभियंता हवेच असतात. परंतु माजी सैनिकांच्या मनातला हिशेब आपण समजून घ्यायला हवा. त्यांची अपेक्षा दोन गोष्टींची असते. पहिली, भार वाटून घेण्याची. दुसरी, प्रामाणिकपणाची. आपला मुलगा पाठवायचा नसेल तर नका पाठवू. पण मग दुसऱ्याच्या मुलाच्या जिवावर युद्धाची घोषणा देताना आवाज थोडा खाली ठेवा.

भार वाटून घेण्याचे मार्ग आपल्या हाताशी आहेत. गावातला मुलगा सीमेवर असेल, तर त्याच्या घरची पेरणी-लावणी आपल्या घरची समजावी. त्याच्या आईला दवाखान्यात न्यायला कोणी आहे का, त्याच्या वडिलांचे तलाठी कार्यालयातले काम अडले आहे का, त्याच्या जमिनीच्या बांधावर कोणी डोळा ठेवून आहे का, हे गावाने पाहावे. सुट्टीवर आलेल्या जवानाचे दिवस कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यात जावेत, यासारखी लाज दुसरी नाही. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत अग्निवीराची सेवा चार वर्षांची असून, एका तुकडीतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे सैन्यात घेण्याची तरतूद आहे. बाकीचे तरुण पंचविशीच्या आत-बाहेर घरी येणार. त्यांच्यासाठी आपल्या कारखान्यात, संस्थेत, बँकेत जागा ठेवणे हे समाजाचे काम आहे. आणि ज्या मध्यमवर्गीय घरात मुलगा किंवा मुलगी सैन्याधिकारी होण्याची इच्छा बोलून दाखवेल, तेथे आईवडिलांनी निदान वाट अडवू नये. २०२२ पासून त्या प्रबोधिनीचे दरवाजे मुलींनाही उघडले आहेत.

शेवटी याच खोऱ्यातली आणखी एक गोष्ट सांगतो. स्वराज्याच्या दरबारात पहिल्या मानाचे पान जेध्यांचे होते, असे परंपरा सांगते. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत शिंदचे बाजीप्रभू देशपांडे आणि हिरडस मावळातले बांदल यांनी देह ठेवले. त्यानंतर तो मान बांदलांना देण्याचे ठरले आणि जेध्यांनी तो आनंदाने सोडला. वतनावर पाणी सोडणाऱ्याला मानावर पाणी सोडणे अवघड गेले नाही. आपल्याहून अधिक कोणी दिले, हे मान्य करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

न गेलेल्यांनी गेलेल्यांकडे कसे पाहावे, याचे उत्तर मला या पानात सापडते. माजी सैनिक आपल्याला केव्हाच क्षमा करून मोकळे झालेले असतात. पहिले पान कोणाचे आहे, एवढे ओळखण्याची जबाबदारी आता आपली आहे. आणि ते ओळखले, तर पुढच्या पिढीतले कोणी तरी ते पान मिळवण्यासाठी या घाटवाटांनी पुन्हा निघाल्याशिवाय राहणार नाही.

 भारत माता की जय!